मातीची वेळ

मालेगाव म्हटलं की बाहेरची माणसं नाशिककडचं मालेगाव समजतात आणि फय्याजभाईंचं डोकं फिरतं. आमचं मालेगाव जहांगीरचं, वाशीम जिल्ह्यातलं, हे ते फोनवर दर वेळी इतक्या ठसक्यात सांगतात की समोरच्याला वाटावं, आपण काही तरी गुन्हाच केला. राग त्यांच्या नाकावर. बसस्टँडच्या समोर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, झेरॉक्स, लग्नाचे अल्बम असं सगळं तिथं होतं. कोणी फोटो बघून नाक मुरडलं, की फय्याजभाई त्याला बाहेर काढून शटर खाली ओढतात. नवा माणूस विचारतो, दुकान बंद झालं का? शेजारचा चहावाला सांगतो, बंद नाही झालं, रागात हाये, संध्याकाळी ये. आणि संध्याकाळी असरची नमाज झाली की शटर खरंच वर जातं. गेली तीस-पस्तीस वर्षं हे असंच चाललं आहे. गावानं त्यांच्या रागाचं वेळापत्रक पाठ करून ठेवलं आहे.

अशा तापट माणसाच्या हाती गावानं आपली सगळ्यात नाजूक खबर कशी दिली, हे मात्र सांगायला हवं.

आमच्याकडे कोणी गेलं की अंत्यविधीला जातो असं म्हणत नाहीत, मातीला जातो म्हणतात. हिंदूचं सरण असो, बौद्धाचं असो की मुसलमानाची कबर, जाणं मातीलाच. 'कोणाची माती हाये? किती वाजता?' हे दोन प्रश्न ज्याला कळले त्याला पुढचं काही सांगावं लागत नाही. तो खांद्यावर दुपट्टा टाकतो आणि निघतो. आणि गावात कोणी गेलं की घरचं माणूस आधी फय्याजभाईंकडे येई, कारण हार घालायला फोटो लागे. बहुतेकांचा फोटो त्यांच्याकडेच निघे. कधी पासपोर्ट साइज, कधी कुठल्याशा लग्नात पंगतीत बुंदी वाढताना सापडलेला. त्यामुळे डॉक्टर आणि घरचे सोडले तर मेलेल्या माणसाची खबर पहिल्यांदा फय्याजभाईंना लागे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यांनी स्मार्टफोन घेतला. सगळ्यांच्या फोनात असतं त्याच एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर त्यांनी एक पान उघडलं आणि त्याला नाव दिलं 'मालेगाव – मातीची वेळ'. फोटो, नाव, गल्ली, धंदा, मातीची वेळ, बस. 'दुःखद निधन', 'काळाचा घाला' असले शब्द त्यांना चालत नसत. म्हणायचे, काळानं घाला घातला की नाही ते घरच्यांना ठाऊक, लोकांना वेळ सांगा. पुण्याला कंपनीत गेलेले, सुरतेला मिलमध्ये गेलेले, दुबईला गेलेले, सगळे त्या पानावर जमले. कोणी गेलं की खाली दोनदोनशे माणसं लिहीत. गेलेल्यानं कोणाला उधारीवर शेंगदाणे दिले होते, कोणाला शाळेत मारलं होतं, सगळं निघे. पाहता पाहता गावाला सवयच लागली. पूर्वी माणूस मेला की चार दिशांना चार माणसं खबर घेऊन पाठवत, नंतर फोन करत. आता जवळच्या नातलगांना फोन झाले की लोक म्हणत, बाकी फय्याजभाईनं टाकलं असन.

त्या 'बाकी'त कोण कोण येतं, याचा विचार तेव्हा कोणीच केला नाही. फय्याजभाईंनीही नाही.

त्या बाकीतलाच एक माणूस भिवाजीदादा. एसटीत कंडक्टर होते. ड्रायव्हर बाबूलाल आणि कंडक्टर भिवाजी ही जोडी मालेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं एकाच गाडीवर पाहिली. बाबूलाल तांड्यावरचा, बंजारा, भिवाजीदादा बौद्धवाड्यातले. नातं ना गोतं, जात वेगळी, घरं गावाच्या दोन टोकांना. गाडीतही दोघांच्या मध्ये सगळी प्रवाशांची गर्दी, त्यामुळे बोलणं कमीच. दोघांमधला खरा संवाद म्हणजे घंटेची दोरी. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. आणि बाबूलालचा एक हट्ट होता. गाडी रिकामी असो, स्टँडवर कंट्रोलर ओरडो, भिवाजीची डबल बेल कानावर पडल्याशिवाय तो गिअर टाकत नसे. एकदा पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत घंटेची दोरीच तुटली, तर भिवाजीदादांनी मागून पंचिंग मशीन दांड्यावर दोनदा आपटलं, तेव्हा गाडी हलली. हे दोघं सकाळची गाडी लावून फय्याजभाईंच्या दुकानासमोर चहा प्यायचे. फय्याजभाई दोघांपेक्षा लहान, पण त्या चहातला तिसरा कप त्यांचा असे.

निवृत्त झाल्यावर बाबूलाल तांड्यावर राहिला. भिवाजीदादांना मुलानं, संघदीपनं, पिंपरीला नेलं. बाबूलालकडे बटणांचा फोन होता आणि तो बहुतेक वेळा बंद असे; ऐकूही कमी येऊ लागलं होतं. दोघं फोनवर बोलत नसत. दिवाळी सरली की भिवाजीदादा आठवडाभर मालेगावला येत, दोघं स्टँडवर बसून नव्या ड्रायव्हरांना नावं ठेवत, आणि वर्ष भागे. एरवी भिवाजीदादांना गावाशी बांधून ठेवणारी गोष्ट एकच होती, फय्याजभाईंचं पान. सकाळी चहाच्या आधी ते पान बघायचं, कोणाची माती आहे का ते पाहायचं, नसली की निवांत चहा प्यायचा.

मग त्या ॲपला उतरती कळा लागली. एकदम नाही, हळूहळू. आधी ओळखीच्या माणसांच्या पोस्ट कमी दिसू लागल्या आणि नाचणाऱ्या पोरी जास्त. मग जाहिराती आल्या. मग कुठलेकुठले अनोळखी लोक खाली येऊन कर्ज देतो, नोकरी देतो म्हणून लिहू लागले. फय्याजभाई रोज ते पुसत बसत, जसं कोणी आपल्या ओट्यावरची पानाची पिचकारी रोज धुवावी. तोवरही त्यांनी सहन केलं. पण लिलाबाई सुईण गेली आणि त्यांचा तोल सुटला.

अर्ध्या गावाची नाळ लिलाबाईनं कापली होती. फय्याजभाईंच्या मुलीची, इकराचीही. त्यांनी तिचा फोटो स्वतः जुन्या अल्बमातून काढला, डोक्यावरचा पदर नीट केला, वेळ लिहिली आणि टाकला. लोकांना तो दिसला तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सुरतेहून एक जण फोनवर रडला, म्हणाला, माह्या तिन्ही लेकरांची सुईण, आन् मले आज समजून राह्यलं. फय्याजभाईंनी पान उघडून पाहिलं, तर लिलाबाईच्या फोटोखाली केस काळे करायच्या तेलाची जाहिरात होती, आणि त्याखाली कंपनीनं अदबीनं विचारलं होतं की, थोडे पैसे भरता का, म्हणजे ही पोस्ट आणखी लोकांना दाखवू. फय्याजभाईंनी फोन गल्ल्यावर आपटला आणि शटर ओढलं. त्या दिवशी ते संध्याकाळीही उघडलं नाही.

मुलगी इकरा नागपूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होती. ईदला ती घरी आली तेव्हा तिनं बापाला फोनवर एक वेगळीच जागा दाखवली. तिथं मालक नाही, म्हणाली. ज्याला हवं त्यानं आपलं छोटं घर मांडायचं, दुसऱ्यानं त्याचं मांडायचं, आणि सगळ्या घरांत एकमेकांच्या खबरा जातात-येतात. एक घर पटलं नाही तर सामान उचलून दुसऱ्यात जायचं, ओळख तुटत नाही. जाहिरात नाही. आणि कोणती पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवणारा मध्ये कोणी बसलेला नाही. जे ज्या वेळी टाकलं ते त्याच ओळीनं दिसतं. बाकीचं फय्याजभाईंना निम्मंच कळलं, पण हे शेवटचं ऐकून ते सरळ होऊन बसले. जे आधी ते आधी. मातीच्या खबरेला आणखी काय लागतं? इकरानं इंटरनेटवर थोडी जागा भाड्यानं घेऊन त्यांच्यासाठी ते घर मांडून दिलं. नाव तेच, 'मालेगाव – मातीची वेळ'.

आता इथवर फय्याजभाईंचं काय चुकलं? काहीच नाही. कंपनीची मुजोरी खरी होती, नवी जागा खरंच स्वच्छ होती. चुकलं ते निघण्याच्या पद्धतीत. ते तिथून बाहेर पडले ते शटर ओढून. जुन्या पानावर त्यांनी ताडताड लिहिलं की, मुर्द्याच्या फोटोखाली तेल विकणाऱ्यांच्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, ज्याला खबर पाहिजे त्यानं नव्या जागी यावं. आणि खाली पत्ता दिला. इकरा म्हणाली होती की काही महिने दोन्हीकडे टाका, लोक हळूहळू येतील. इकराची आई मेहरुन्निसाभाभीही म्हणाल्या, म्हातारी माणसं आहेत, त्यांना वेळ द्या. पण दोन्हीकडे टाकायचं तर मग राग कसला? त्यांनी ऐकलं नाही.

लोक आले नाहीत. जुन्या पानावरच्या चार हजारांतले शंभरही आले नाहीत. चहाच्या टपरीवर जो तो विचारी, तिथं कोण हाये? फय्याजभाई म्हणायचे, मी हाओ ना. लोक हसायचे. नव्या जागेत शिरायला ई-मेल लागे, पासवर्ड लागे, आणि कुठलं घर निवडायचं तेही ठरवावं लागे. पासवर्ड म्हटलं की आमच्याकडची माणसं फोन पोराच्या हातात देतात, आणि पोरं म्हणतात, बाबा, नंतर.

भिवाजीदादांनी तर स्वतः फोन केला होता. दुकानात तेव्हा शाळेच्या ओळखपत्रांची घाई होती आणि फय्याजभाई घामाघूम झाले होते.

"फय्याज, मले जमून नाही राह्यलं," भिवाजीदादा म्हणाले. "ते ई-मेल मांगते. तू इकडंच टाक ना गड्या, पयल्यासारखं."

"दादा, संघदीपले सांगा. दहा मिनिटाचं काम हाये," फय्याजभाई म्हणाले. "मी तिकडं आता जात नाही. येयाचं तं या, नाही तं राहू द्या."

भिवाजीदादा बरं म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या आवाजात काहीच रुसवा नव्हता, म्हणून फय्याजभाईंना ते लागलंही नाही. लागायला हवं होतं.

पोळा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी तांड्यावरून बाबूलालचा जावई स्टुडिओत आला. दुपारी जेवून पडलेला माणूस उठलाच नव्हता. धाकटा मुलगा हैदराबादला होता, त्याच्यासाठी थांबायचं म्हणून माती दुसऱ्या दिवशी चार वाजता ठरली. फय्याजभाईंना गलबलून आलं. त्यांनी बाबूलालचा स्टिअरिंगवर बसलेला फोटो शोधला, खाकी शर्टाचं वरचं बटण उघडं होतं ते तसंच राहू दिलं, आणि नव्या जागी टाकला. 'बाबूलाल ड्रायव्हर, तांडा. माती उद्या चार वाजता.' पोस्ट एका क्षणात लागली. ना जाहिरात, ना पैसे मागणं. पाहून त्यांना बरं वाटलं, अगदी कामाला न्याय दिल्यासारखं.

रात्री जेवताना मेहरुन्निसाभाभींनी विचारलं की भिवाजीभाईंना कळवलं का. फय्याजभाई म्हणाले, खबर टाकली आहे. पुण्याहून रात्री ट्रॅव्हल्सनं निघालेला माणूस सकाळी मालेगावात उतरतो, अंघोळ करतो, चार वाजेपर्यंत चार कप चहाही पितो. एवढा वेळ हाताशी होता.

दुसऱ्या दिवशी तांड्यावर माणसं जमली ती जवळपासचीच. एरवी बाबूलालच्या मातीला तांड्यावर जागा उरली नसती. फय्याजभाई स्वतः खांदा द्यायला होते. सरण पेटलं तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि भिवाजीदादा दिसले नाहीत तेव्हा त्यांच्या मनात आलं ते असं की, आले नाहीत बिचारे, तब्येत बरी नसेल. मनात आलं ते एवढंच. परत येऊन फोन उघडला तर नव्या जागेवर बाबूलालच्या फोटोखाली जर्मनीतल्या कुठल्याशा बाईनं दोन ओळी लिहिल्या होत्या. इकरानं अर्थ सांगितला, या गृहस्थांचा चेहरा फार प्रेमळ आहे, त्यांचा प्रवास सुखाचा होवो. चांगली बाई असणार. फय्याजभाईंनी ते दुकानात आलेल्या दोघा-तिघांना कौतुकानं दाखवलंही. बाबूलाल गेल्याची खबर जर्मनीला पोचली होती.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फय्याजभाई दुकानात बसले असताना भिवाजीदादांचा फोन आला. आवाज खुशीत होता. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं, म्हणाले. मुलाची ख्यालीखुशाली झाली, गुडघ्याची झाली. मग म्हणाले, "बाबूलालचा फोन बंदच येऊन राह्यला. कोणाच्या हाती निरोप दे ना त्याले. म्हणा, सोमवारी सकाळी स्टँडवर येजो. त्याच्यासाठी पायताण घेतलं म्या, त्याच्या मापाचं इथं भेटलं."

फय्याजभाईंच्या हातात कोणाचा तरी अर्धा कापलेला पासपोर्ट फोटो होता. त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, दादा, बाबूलाल गेला. पोळ्यानंतर गेला.

पलीकडून पिंपरीच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"कोणी सांगतलं नाही मले," भिवाजीदादा म्हणाले. यात तक्रार नव्हती. त्यांना ते खरंच समजत नव्हतं. "मी तं रोज पाह्यतो ना तुहं पान. सकाळी उठलो की पाह्यतो. मले वाटलं, फय्याज रागात हाये, राग उतरला की शटर खोलन. तिथं काही नवं येऊन नाही राह्यलं, तं म्हटलं, बरं हाये, कोणी गेलं नाही. सारे जिते हायेत."

फय्याजभाईंकडे दादांचा नंबर होता. याच फोनात होता, ज्या फोनातून त्यांनी बाबूलालचा फोटो टाकला त्याच फोनात. बोटभर अंतरावर. खबर टाकणं आणि माणसाला कळवणं या दोन गोष्टी त्यांच्या लेखी कधी एक झाल्या ते त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी माफी मागायला तोंड उघडलं, पण भिवाजीदादांनी त्यांना बोलू दिलं नाही.

"एक काम कर," ते म्हणाले. "त्याचा फोटो तिथं टाक. जुन्या जागी. मले खाली लिवाचं हाये."

शपथ घेऊन सोडलेल्या त्या दारात फय्याजभाई पुन्हा गेले. पासवर्ड आठवेना, तो इकराला फोन करून बदलून घेतला. आत शिरताच कंपनीनं त्यांचं स्वागत केलं आणि सवलतीतल्या स्वस्त चपला दाखवल्या. ते रागावले नाहीत. त्या दिवशी त्यांच्यापाशी राग शिल्लक नव्हता. त्यांनी तोच स्टिअरिंगवरचा फोटो लावला. वेळेच्या जागी काय लिहावं ते सुचेना. बराच वेळ बोट फोनवर ठेवून बसले आणि मग लिहिलं, 'माती होऊन गेली.'

थोड्या वेळानं खाली भिवाजीदादांचं नाव दिसलं. एकेक अक्षर शोधून लिहिलेलं होतं. 'बाबूलाल, डबल मारली रे. चाल आता.'

हल्ली फय्याजभाईंकडे कोणी मातीचा फोटो घ्यायला आलं, की ते आधी स्टूल पुढे करतात आणि विचारतात, याचं कोण कोण होतं? नातेवाईक नका सांगू, दुसरं कोण होतं? मग घरचे आठवून आठवून सांगतात. जुना सोबती, भिंतीपलीकडची म्हातारी, कधी काळी मळ्यावर सोबत राहिलेला कोणी. त्यांचे नंबर शोधून फय्याजभाई एकेकाला फोन करतात, आणि ते झाल्यावरच नव्या जागी खबर टाकतात, मग जुन्याही. दुकानातलं गिऱ्हाईक खोळंबून चुळबुळ करतं, पण शटर खाली येत नाही. गावाला याचं कौतुक वाटतं. फय्याजभाईंना ते ऐकवत नाही.

त्या सोमवारी भिवाजीदादा आले तेव्हा फय्याजभाई स्वतः त्यांना मोटारसायकलवर तांड्यावर घेऊन गेले. दादांनी पायताण बाबूलालच्या जावयाच्या हाती दिलं. येताना दोघं स्टँडवर उतरले आणि चहा सांगितला. सवयीनं चहावाल्यानं तीन कप आणले. भिवाजीदादांनी तिसरा कप परत पाठवला नाही, तो तसाच बाकावर ठेवून दिला. समोर वाशीमची गाडी भरली, कंडक्टरनं दार ओढलं, दोनदा घंटा वाजवली आणि गाडी निघाली. भिवाजीदादा तिच्याकडे पाहत राहिले. फय्याजभाईंना वर मान करवेना. बाबूलाल त्या दिवशी बेलची वाट न पाहता गेला होता, आणि बेल मारणाऱ्याचा नंबर तेव्हा यांच्या खिशात होता.